एका सुताचा फरक



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. उत्तर शेवटी बघायचं नाही हं, वाचता वाचता सापडतं का ते पाहायचं.

१९५८ सालच्या मे महिन्यात मॉन्टे कार्लो इथे ब्रिटनची एक चिमुकली स्पोर्ट्‌स मोटार पहिल्यांदा लोकांना दाखवण्यात आली. नाव ऑस्टिन-हीली स्प्राइट. दोन माणसांपुरती जागा, ९४८ सीसीचं इंजिन, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. स्वस्तात विकायची म्हणून काटकसर तरी किती करावी! दाराला बाहेरून मूठ नाही. मागे डिकी आहे, पण तिला झाकणच नाही. सामान ठेवायचं तर सीटच्या पाठीमागून आत ढकलायचं. पुढचे दिवे मात्र बॉनेटवर दोन टपोऱ्या डोळ्यांसारखे बसवलेले. त्यामुळे इंग्रज लोक तिला लाडाने 'फ्रॉगआय' म्हणू लागले. आपण म्हणू बेडूकडोळी.

या बेडूकडोळीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९६२ साली तिच्या पुढच्या अवताराला, म्हणजे १०९८ सीसीच्या गाडीला, पुढच्या दोन चाकांवर डिस्क ब्रेक मिळाले. डिस्क ब्रेक जास्त भरवशाचे. मग जुन्या बेडूकडोळ्यांच्या मालकांना वाटलं, आपल्याही गाडीला ते बसवावेत. नव्या गाडीचे पुढचे भाग जुन्या गाडीला बसतातही.

आता कोडं ऐका. एका मालकाने ड्रम काढले, डिस्क बसवल्या. सगळे भाग कोरे करकरीत. कुठे गळती नाही, कुठे हवा अडकलेली नाही. गाडी रस्त्यावर काढली, ब्रेकवर पाय दिला, तर पॅडल दगडासारखं कडक! आणि गाडी? ती काही लवकर थांबेना. पूर्वीच्या ड्रमपेक्षा आता पायाला जास्त जोर लावावा लागू लागला. ब्रेक चांगले बसवले आणि गाडी वाईट थांबू लागली. असं का झालं असेल?

एक खूण सांगून ठेवते. पायाखालचा एक भाग त्याने बदललाच नव्हता. तो भाग होता सात सुतांचा, आणि हवा होता सहा सुतांचा.

सूत म्हणजे काय, हे तुमच्या ओळखीच्या सुताराला नाहीतर फिटरला विचारा. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. एक सूत म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने साडेसहाशे किलोची गाडी थांबायची राहते, ही आजची गोष्ट.

आधी आपली सायकल आठवा. जुन्या काळ्या सायकलींना लोखंडी सळयांचे ब्रेक असत. मूठ दाबली की सळी ओढली जाई आणि रबराचे गुटके रिमवर घासत. अगदी सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेकही याच घराण्यातले होते. सळया नाहीतर तारा. दोन चाकांपुरतं हे ठीक चालतं. पण मोटारीला चाकं चार. त्यातली पुढची दोन वळतात, चारही खालीवर उसळतात. चारही तारा अगदी सारख्या ताणलेल्या ठेवणं म्हणजे चार पोरांना एका रांगेत गप्प उभं करण्यासारखं आहे. (हे काम मला रोज करावं लागतं, त्यामुळे ते किती अवघड असतं हे मला पक्कं ठाऊक आहे!) एक तार जरा सैल झाली की ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जायची.

यावर उपाय काढला माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन माणसाने. हो, विमानांच्या कंपनीचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्याच भावंडांतला हा एक. त्याने सळया काढून टाकल्या आणि बारीक नळ्यांमधून तेलासारखा द्रव चारही चाकांकडे नेला. १९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक बसले. सगळ्यांना ते लगेच पटले असं समजू नका. फ्रान्सचे एत्तोरे बुगाट्टी हे मोठे नावाजलेले मोटारकर्ते, पण ते १९३८ पर्यंत तारांनाच चिकटून होते. शर्यतीत वाऱ्यासारख्या धावणाऱ्या गाड्या, आणि थांबायला तारा!

पण नळीतला द्रव जोर पोचवतो कसा? त्यासाठी अजून मागे, सतराव्या शतकात जावं लागेल. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा एक विलक्षण मुलगा होता. वडिलांचं काम कराच्या हिशोबाचं. त्यांची दगदग वाचावी म्हणून त्याने विशीच्या आतच बेरजा करणारं यंत्र करायला घेतलं. याच पास्कलने पुढे दाखवून दिलं, की बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाब दिला तर तेवढाच दाब त्या द्रवात सगळीकडे पोचतो. कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही. हायस्कूलमधल्या तुमच्या ताई-दादांना हा नियम पाठ असेल. पण नुसता पाठ असून त्यातली गंमत कळत नाही. म्हणून हा प्रयोग करा.

औषधाच्या दुकानातून दोन कोऱ्या सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. सुया आणायच्या नाहीत, आणि वापरलेल्या सिरिंजला तर हातही लावायचा नाही. घरातली माशांची टाकी ज्या पातळ प्लास्टिकच्या नळीने हवा घेते, तसली हातभर नळी आणा. दोन्ही सिरिंज आणि नळी पाण्याने काठोकाठ भरा. पाण्यात शाईचे दोन थेंब टाकलेत तर नीट दिसेल. मोठीचा दट्ट्या जरा आत दाबलेला ठेवा, म्हणजे त्याला मागे यायला जागा राहील. आता नळीची दोन टोकं दोन सिरिंजच्या तोंडावर घट्ट बसवा. टोक निसटलं तर कारंजं उडेल, तेव्हा हे काम मोरीत किंवा अंगणात केलेलं बरं. नाहीतर आईचा ओरडा मला खावा लागेल.

आता लहान सिरिंज तुम्ही धरा आणि मोठी बाबांच्या हातात द्या. दोघांनी एकाच वेळी आपापला दट्ट्या दाबायचा. कोण जिंकतं बघा बरं! बाबांनी बराच जोर लावला तरी तुम्ही त्यांना मागे रेटता. बाबा मुद्दाम हरतायत असं वाटलं तर सिरिंजची अदलाबदल करा. आता तुम्ही हरणार, तेही सपाटून.

असं का होतं? पाण्यातला दाब दोन्हीकडे सारखाच आहे. पण मोठ्या सिरिंजच्या दट्ट्याचं तोंड रुंद आहे. दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा जोर. ज्याच्याकडे चौरस सेंटिमीटर जास्त, त्याला एकूण जोर जास्त मिळतो. एवढ्या जोराला तोलून धरायचं, तर मोठ्या सिरिंजवाल्याला तितकाच जास्त रेटा द्यावा लागतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. तुमचा दट्ट्या किती सरकला आणि बाबांचा किती सरकला, हे पट्टीने मोजा. लहान सिरिंज तळापर्यंत दाबलीत तर तिचा दट्ट्या चार-साडेचार सेंटिमीटर चालतो, आणि मोठीचा जेमतेम दीड-पावणेदोन. जोर वाढला त्याच पटीने चाल घटली. वाण्याच्या तराजूसारखं आहे हे. एक पारडं वर गेलं की दुसरं खाली येणारच.

आता मुद्दाम एक हवेचा बुडबुडा नळीत राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्पंजासारखा दबतो आणि पलीकडे जोर नीट पोचत नाही. हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. गॅरेजमध्ये ब्रेकचं काम झाल्यावर मेकॅनिक एकाला आत बसवून पॅडल दाबायला सांगतो आणि स्वतः चाकापाशी बसून बारीक स्क्रू सैल करून 'हवा काढतो' ना, ते याचसाठी.

ब्रेकची सगळी रचना आता तुमच्या हातात आहे. पायाखाली जो दट्ट्या असतो त्याच्या नळकांड्याला म्हणतात मास्टर सिलिंडर. ही तुमची लहान सिरिंज. चाकापाशी असतात व्हील सिलिंडर; डिस्क ब्रेक असेल तर त्या भागाला कॅलिपर म्हणतात. ही बाबांची मोठी सिरिंज. नळीत पाण्याऐवजी ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी ते इंजिनाचं तेल नव्हे बरं का! इंजिनाचं तेल या सिलिंडरात घातलं तर आतली रबरं फुगून निकामी होतात. मोठ्या माणसांनीसुद्धा हे लक्षात ठेवावं.

आता दोन ओळी वहीत लिहून घ्या, कारण इथेच भलेभले फसतात.

पायाशी सिलिंडर मोठा, तर ब्रेकचा जोर कमी.
चाकाशी सिलिंडर मोठा, तर ब्रेकचा जोर जास्त.

पहिली ओळ उलटी वाटते ना? माणसाचा स्वभाव असा, की मोठं म्हणजे चांगलं. जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर खराब झाला आणि दुकानदार म्हणाला, "साहेब, याच्यापेक्षा एक सूत मोठा आहे, हाच घेऊन जा," तर आपण खूश होऊन घेतो. सिरिंजचा प्रयोग केलेला मुलगा बरोबर असेल तर तो बाबांची बाही ओढेल.

एका सुताने फरक किती पडतो, तो हिशोब करून पाहू. हिशोबाला घाबरू नका, पोळी आणि पुरी एवढंच लागतं. पुरी दहा सेंटिमीटर रुंद आणि पोळी वीस सेंटिमीटर रुंद, जाडी सारखीच. तर पोळीला कणीक किती जास्त लागेल? दुप्पट म्हणालात तर आई हसेल. चौपट लागते! रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ दोन गुणिले दोन, म्हणजे चौपट होतं. सिलिंडरचंही तसंच. सात सुती आणि सहा सुती यांची तुलना सात आणि सहा अशी करायची नाही. सात सत्ते एकोणपन्नास आणि सहा सक छत्तीस अशी करायची. एकोणपन्नास भागिले छत्तीस, म्हणजे १.३६. व्यासात एका सुताचा फरक, पण क्षेत्रफळात शंभराला छत्तीसचा!

मिलिमीटरमध्ये सांगायचं तर सात सूत म्हणजे २२.२, आणि सहा सूत म्हणजे १९. क्षेत्रफळं भरतात ३.८८ आणि २.८५ चौरस सेंटिमीटर. समजा, पॅडलवर तुम्ही ३० किलोचा भार दिलात. (वरच्या वर्गातल्यांनी न्यूटनमध्ये करून घ्यावं, मी बाजारातल्या किलोतच सांगते.) पॅडल ही एक तरफ असते. तिने तो भार पाचपट केला असं धरू. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडले १५० किलो. सात सुती सिलिंडर असेल तर तेलात दाब तयार होईल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९ किलो. सहा सुती असेल तर सुमारे ५३ किलो. आता चाकापाशी पाच सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या आहे असं समजा. त्याचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. सात सुती मास्टर असताना तो डिस्कला दाबेल सुमारे ७६० किलोने. सहा सुतीत दाबेल सुमारे १०३० किलोने. पाय तोच, जोर तोच, चाकाशी पावणेतीनशे किलोंचा फरक. सात सुतीतून तेवढेच १०३० किलो मिळवायचे तर पायाला ३० ऐवजी ४१ किलो रेटावे लागतील. रस्त्यात अचानक कुणी आडवं आलं, तर तेवढा जोर त्या क्षणी आजीच्या पायात असेल का?

बेडूकडोळीत मास्टर सिलिंडर सात सुती होता. पुढे आलेल्या डिस्कवाल्या गाडीत तो सहा सुती केला होता. कोड्याचं अर्धं उत्तर मिळालं. पण उरलेलं अर्धं जास्त मजेचं आहे. ड्रम होते तेव्हा हाच सात सुती सिलिंडर पुरत कसा होता?

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आपण खाली लाकडाची पाचर सरकवतो. दार जितकं जोराने लोटावं तितकी ती पाचर जास्तच घट्ट रुतते. ड्रम ब्रेकमध्ये असंच काहीसं घडतं. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं पातेलं. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. ते बाहेरच्या बाजूला फाकले की पातेल्याला आतून घासतात. शूचं एक टोक टेकवलेलं, दुसरं मोकळं. फिरणारं पातेलं शूला आपल्याबरोबर ओढू पाहतं, आणि या ओढीने शू आणखीच आवळला जातो. म्हणजे गाडीचा वेगच गाडी थांबवायला मदत करतो! बेडूकडोळीच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू असे स्वतः आवळले जाणारे होते. त्यामुळे तेलाने थोडा दाब दिला तरी काम भागे. (अशा गाडीला उलट्या दिशेने, रिव्हर्समध्ये, पुढचे ब्रेक कमी लागतात. का ते पाचर डोळ्यांपुढे आणून ओळखा.)

डिस्कला ही फुकटची मदत नाही. ती एक सपाट तबकडी. दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. जेवढा दाब द्याल तेवढंच ती थांबणार. तेव्हा तेलाचा दाब जास्त हवा. दाब जास्त हवा तर पायाखालचा सिलिंडर लहान हवा. आमच्या मालकाने चाकाशी डिस्क आणली, पण पायाशी ड्रमचा सिलिंडर ठेवला. मग पॅडल कडक लागणारच.

मग डिस्कचं एवढं कौतुक कशासाठी, असं तुम्ही विचाराल. उष्णतेसाठी. ब्रेक मारला की वेगाची उष्णता होते. बंद पातेल्यात ती कोंडते, शू तापतात, त्यांची पकड ढिली पडते. मोठा घाट उतरताना ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात, ते ब्रेक तापू नयेत म्हणूनच. उघड्या तबकडीला वारा लागतो, ती लवकर निवते. फ्रान्समधल्या ल मां या गावी चोवीस तासांची मोटारींची शर्यत होते. १९५३ साली तिथे जॅग्वार कंपनीने डिस्क ब्रेकच्या सी-टाइप गाड्या उतरवल्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या जोडीने ती शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. चोवीस तास, आणि सरासरी १७०! जॅग्वारचे चालक वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग सोडत नव्हते, कारण ब्रेक दगा देणार नाहीत याची त्यांना खात्री होती. त्यानंतर तीनच वर्षांनी ट्रायम्फच्या टीआर-३ या दुकानात मिळणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारीलाही पुढे डिस्क आल्या.

तुमच्यातला एखादा चलाख मित्र आता म्हणेल, "बाई, मग मास्टर सिलिंडर पाच सुती करू या की! चार सुती करू या! जोर आणखी वाढेल."

छान! पण पट्टीने मोजलेली चाल विसरलात का? पुढच्या दोन चाकांत मिळून पाच सेंटिमीटर व्यासाचे चार दट्ट्ये आहेत असं धरू. प्रत्येकाने फक्त एक दशांश मिलिमीटर सरकायचं आहे. तेवढ्यासाठी सात सुती मास्टर असेल तर पॅडल सुमारे १० मिलिमीटर खाली जाईल. सहा सुतीत १४. पाच सुतीत २०. शिवाय मागच्या चाकांचे ड्रम आहेत, ते त्यांच्या वाटचं तेल मागणार. रबरी नळ्या दाबाने किंचित फुगतात, त्यातही थोडी चाल जाते. पॅड झिजले, कुठे थोडी हवा राहिली, की आणखी थोडी. पॅडलखाली जागा मोजकीच असते. सिलिंडर फार लहान घेतला तर पाय फळीला टेकेल आणि पुरता दाब झालेलाच नसेल. बादली भरायची आहे आणि हातात आहे चहाचा चमचा, अशी गत.

म्हणजे मोठा घेतला तर पाय दुखतो आणि लहान घेतला तर पाय फळीला टेकतो. या दोन्हींच्या मध्ये नेमकी जागा शोधायची. ज्यांनी मूळ गाडी तयार केली त्यांनी ती शोधलेली असते, आणि एक भाग बदलला की ती जागा हलते.

बेडूकडोळीच्या मालकापुढे तर आणखी एक पेच. तिच्यात ब्रेकचा आणि क्लचचा असे दोन सिलिंडर एकाच ओतीव पेटीत शेजारी शेजारी असतात. ब्रेकसाठी लहान मापाची पेटी आणली तर क्लचचाही सिलिंडर लहान झाला. मग क्लचकडे तेल कमी जाणार, आणि चाकाकडे जशी चाल घटते तशी तिथेही घटणार. क्लच पुरता सुटला नाही की गिअर कुरकुरतो. म्हणजे क्लचच्या दुसऱ्या टोकाचं मापही तपासा. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणतात तो असा!

उलट्या बाजूची फसगत पोर्शे ९११ या जर्मन गाडीत दिसते. ही १९६४ सालापासून विकली जाऊ लागली. इंजिन मागे, आणि सुरुवातीच्या गाड्यांत पायाला मदत करणारा सर्वोही नाही. मास्टर सिलिंडर १९ मिलिमीटरचा, पुढच्या चाकांचे दट्ट्ये ४८ मिलिमीटरचे. पुढे १९७८ साली याच घराण्यातल्या टर्बो गाडीला भलेमोठे चार दट्ट्यांचे कॅलिपर आले. जुन्या ९११ च्या मालकांना त्यांचा मोह पडतो. पण चाकाशी दट्ट्यांचं क्षेत्रफळ वाढलं की त्यांना तेल जास्त लागतं. पायाशी जुनाच १९ चा सिलिंडर असेल तर जोर मिळतो, पण पॅडल लांबवर खाली जातं. टर्बोच्या कारखान्यातल्या लोकांनी मास्टर सिलिंडरही मोठा केला होता आणि जोडीला सर्वो दिला होता. ते सगळं एकमेकांसाठी घडवलेलं. त्यातला एकच तुकडा उचलून आणला तर तो परक्या घरात अवघडल्यासारखा वागतो.

एवढ्यावर संपत नाही. आतापर्यंत आपण एका पायाचा आणि एका चाकाचा विचार केला. पण पुढच्या आणि मागच्या चाकांनी ब्रेक वाटून कसा घ्यायचा?

एस.टी.त उभं राहून गेला आहात ना? ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला की सगळे पुढे कलंडतात. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागला की तिचा भार पुढच्या चाकांवर पडतो आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जोराचा ब्रेक लावला तर ते फिरायचं थांबतं आणि रस्त्यावर घसरत जातं. पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते; हे वाईटच. पण मागची आधी घसरली तर गाडीचं शेपूटच पुढे यायला बघतं आणि ती भिंगरीसारखी फिरते. हे त्याहून वाईट. म्हणून पुढच्या ब्रेकचा जोर जास्त ठेवतात आणि मागच्या चाकांना बेताचा देतात. हे वाटप पुष्कळसं सिलिंडरांच्या मापांवरच ठरतं.

आता वहीतली दुसरी ओळ पाहा. मागच्या चाकाचा सहा सुती व्हील सिलिंडर गळतोय आणि दुकानात सात सुती मिळाला. बाहेरून जवळजवळ तसाच दिसतो, बसतोही. बसवला, तर मागच्या ब्रेकचा जोर शंभराला छत्तीसने वाढला! कोरड्या रस्त्यावर, हळू चालवताना काहीच कळणार नाही. उलट मालक म्हणेल, काय छान ब्रेक लागतायत. पहिल्या पावसात, एखाद्या वळणावर, ते छत्तीस टक्के आपलं रूप दाखवतील. मला विचाराल तर कडक पॅडलपेक्षा ही चूक जास्त भयंकर. कडक पॅडल निदान पायाला रोज सांगत असतं, की काहीतरी बिनसलंय. ही चूक गप्प बसून असते.

शर्यतीच्या गाड्यांत यासाठी एक नामी युक्ती करतात. दोन मास्टर सिलिंडर शेजारी शेजारी बसवतात, एक पुढच्या चाकांसाठी आणि एक मागच्यांसाठी. पॅडल एका आडव्या दांडीला ढकलतं आणि दांडीची दोन टोकं दोन सिलिंडरांना. दांडीवर जोर कुठे पडावा ती जागा स्क्रूने थोडी इकडेतिकडे करता येते. सी-सॉवर जड मुलाला मध्याजवळ बसवता ना, तोच हिशोब. पाऊस आला, पेट्रोल संपून गाडी हलकी झाली, की त्याप्रमाणे वाटप बदलायचं.

१९६१ साली आलेल्या जॅग्वारच्या ई-टाइप या देखण्या गाडीलाही पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे मास्टर सिलिंडर होते. त्यात सुरक्षितताही आहे. बेडूकडोळीत तेलाची वाट एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले! दोन वाटा असल्या तर एक फुटली तरी दुसरी उरते. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना अशा दोन वाटा असणं कायद्यानेच सक्तीचं झालं, आणि तिकडे विकल्या जाणाऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांचे मास्टर सिलिंडरही त्याप्रमाणे बदलले.

मुंबईत जुन्या मोटारींची रॅली निघते तेव्हा आपण सगळे बॉनेटवरची चकाकी आणि पितळी भोंगे बघत राहतो. पुढच्या वेळी एखाद्या स्पोर्ट्‌स गाडीच्या मालकांना नम्रपणे विचारा, "काका, तुमचा मास्टर सिलिंडर किती सुती?" काकांनी लगेच उत्तर दिलं तर समजा, गाडी चांगल्या हातात आहे.

आणि हे घ्या या आठवड्याचं गणित. पोर्शे ९११ च्या एका मालकाने १९ मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर काढून २३ मिलिमीटरचा बसवला. पुढच्या चाकांचे दट्ट्ये ४८ मिलिमीटरचेच ठेवले. तेवढाच ब्रेक लागण्यासाठी आता पायाला किती पट जोर लागेल? आणि पॅडल पूर्वी ५० मिलिमीटर खाली जात असेल, तर आता किती जाईल? गणितात एक आकडा उगाच दिला आहे, तो कोणता हेही लिहा. कॅल्क्युलेटर चालेल, पण आधी वर्ग तोंडी करून पाहा. उत्तर पुढच्या अंकात.

तुमच्या बाई